व्याह्याची पेटी आणि सत्तर टक्के ओलावा

हंगाम संपला की जिनिंग रिकामी होते. मशिनं बंद, गाड्या बंद, मजूर आपापल्या गावी. उरते ती छताला चिकटलेली कापसाची पिंज आणि ओसरीवर बसलेली आम्ही दोन-चार माणसं. पिंज कोणी झाडत नाही, म्हणून साचते. गोष्टींचंही तसंच आहे. मी काही सांगत बसणारा माणूस नाही. पण परवा एका शहाण्याने मला विचारलं, "आबा, सिगार म्हणजे काय असतं, माहीत आहे का?" मला हसू आलं. मी सहसा हसत नाही.

मी बोदवडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर होतो. कापसाची गाडी आली की वजन माझ्याकडे. चौथी शिकलो, बाकीचं काट्यावर शिकलो. बिडी ओढतो. लपवत नाही.

आमच्या धंद्यात ओलावा म्हणजे लबाडी. शेतकरी घरी कापसावर पाणी मारतो आणि वजन वाढवतो. व्यापारी मीटर खुपसतो आणि वजन कापतो. दोघंही देवाची शपथ घेतात. अशा माणसांच्या हातात एक वस्तू आली, जिला ओलावा मुद्दाम द्यायचा होता. पुढे जे झालं ते होणारच होतं.

*

प्रल्हाद नाना जिनिंगचे मालक. बायको लवकर गेली. मुलगी पल्लवी, तिला नानांच्या मोठ्या बहिणीने, अक्काने, वाढवलं. जिनिंगमध्ये नाना मालक. घरात अक्का.

पल्लवीचं लग्न धुळ्याला ठरलं, देवपुरात. मुलगा चांगला. मुलाचा बाप रिटायर इंजिनिअर, तोही चांगलाच असावा. खात्री करायला वेळ मिळाला नाही, कारण तो बोलायचा थांबला नाही.

साखरपुड्यात अंगठ्या झाल्या, साड्या झाल्या. मग व्याहीसाहेबांनी पिशवीतून एक लाकडी पेटी काढली. आम्हाला वाटलं, दागिना आहे. बायका पुढे सरकल्या. झाकण उघडलं तर आत ओळीने सिगार! बायका मागे सरकल्या.

"नाना, परदेशी माल आहे," व्याही म्हणाले. "पण ही जिवंत वस्तू आहे बरं! हिला सत्तर टक्के आर्द्रता लागते. कोरडी पडली की तिखट जळते. ओली झाली की ओढलीच जात नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आपण दोघं व्याही बसून ओढू. तोवर सांभाळा."

"सांभाळतो," नाना म्हणाले.

"तुमच्याकडे ह्युमिडर असेलच."

नानांनी आयुष्यात सुपारी खाल्लेली नाही. तरी म्हणाले, "आहे ना! दोन आहेत."

व्याही खूश झाले. नानांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मी माणूस यावरूनच ओळखतो. ज्याला सिगार सांभाळता येते, त्याला नाती सांभाळता येतात."

परत येताना गाडीत मी विचारलं, "नाना, ह्युमिडर म्हणजे काय?"

"मले काय माहीत!"

"मग दोन आहेत असं का सांगितलं?"

नाना म्हणाले, "आबा, आपण मुलीकडचे. एक सांगितला असता तर कमी दिसला असता!"

*

हसण्यासारखं होतं, पण नाना हसत नव्हते. पोरगी त्या घरात जायची होती. पेटी बिघडली तर त्या घरात रोज काय ऐकायला मिळेल, ते त्यांना आताच ऐकू येत होतं. "तुझ्या बापाला साधी पेटी सांभाळता आली नाही." नानांचं जेवण कमी झालं.

किमती वस्तू लोखंडी कपाटात ठेवायची, एवढी अक्कल सगळ्यांना असते. नानांनी पेटी अक्काच्या कपाटात ठेवली. शालूंच्या खाली, डांबरगोळ्यांच्या शेजारी. कुलूप लावलं, किल्ली कमरेला.

होळी झाली. आमच्याकडे होळीनंतर ऊन कसं पडतं, ते धुळेकरांना सांगायला नको. कपाट हात लावू देईना. नानांनी कपाट उघडून एक सिगार दोन बोटांत धरली आणि हळूच दाबली. कर्र! वरचं पान पापडासारखं फुटलं.

नाना पेटी घेऊन ओसरीवर आले. "आबा, तुम्ही ओढणारे. जरा टेस्ट करा."

मी पेटवली. ती भसाभस जळाली. पहिला झुरका घेतला तर जीभ पोळली. दुसरा घेतला तर डांबरगोळी नाकात गेली. तिसरा घेतला नाही.

"कशी आहे?" नानांनी विचारलं.

"शालू जळाल्यासारखी."

आतून अक्का धावत आली. "कोणता?"

*

डिगंबर भाऊ आमचा ग्रेडर, कापसाची प्रत ठरवणारा. त्याचा मीटरवर विश्वास, देवावर नंतर. मीटर म्हणजे दोन लांब सुया आणि एक काटा. सुया कापसात खुपसल्या की आत ओलावा किती, ते काटा सांगतो. अर्धा तालुका त्या मीटरला शिव्या देतो, उरलेला अर्धा डिगंबरला.

नानांनी त्याच्यासमोर सिगार धरली. "डिगंबर, हिला ओलावा कमी पडला का, कसं कळेल?"

डिगंबरने सिगार घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि आम्ही हात धरायच्या आत दोन्ही सुया आरपार!

"आठ!" तो ओरडला. "फर्स्ट क्लास माल, नाना! वजनात कट्टी नाही, काही नाही!"

"अरे, पण व्याही सत्तर म्हणाले होते."

"सत्तर?" डिगंबरने चष्मा काढला. "बाराच्या वर गेला की आपण गाडी परत पाठवतो. सत्तरला माल म्हणत नाहीत, चिखल म्हणतात. तुमच्या व्याह्याला कोणीतरी बनवलं आहे."

पण व्याह्याचा शब्द. तो मोडायचा कसा? दोन सिगार ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. दुपारी मीटर लावलं. काटा पार टोकाला जाऊन थांबला.

"सत्तर झाले का?" नाना.

"मीटर तिथपर्यंत जातच नाही. ज्याने बनवलं त्याला इतका लबाड माणूस माहीत नसावा. अजून पाणी मारू."

संध्याकाळी गोणपाट उघडलं. सिगार राहिल्या नव्हत्या. वाफवलेली अळूवडी उलगडावी तशी पानं पसरली होती. तेवढ्यात पल्लवी चहा घेऊन आली. तिने पानं पाहिली, बापाकडे पाहिलं.

"बाबा, सत्तर टक्के ओलावा पेटीतल्या हवेत पाहिजे! सिगारमध्ये नाही!"

डिगंबरने मीटर पुसलं, डब्यात ठेवलं आणि म्हणाला, "हवेचा ओलावा मोजून काय करायचं? हवा कोणी विकायला आणतं का?"

*

व्याहीसाहेब दर रविवारी फोन करायचे. लग्नाचं बोलणं थोडं, पेटीचं फार. एका रविवारी म्हणाले, "नाना, तुमच्या ह्युमिडरचा फोटो पाठवा. बघू द्या तरी."

ह्युमिडर म्हणजे चांगल्या लाकडाची, घट्ट झाकणाची पेटी, एवढं आता पल्लवीकडून कळलं होतं. अशी पेटी घरात एकच. देव्हारा! अस्सल सागवानी, दोन दारांचा, पितळी कडीचा. दारं लावली, वरचा कळस टॉवेलने झाकला, घंटी बाजूला केली. पल्लवीने फोटो काढून पाठवला. अक्काने देवाची माफी मागितली आणि नानांची अक्कल काढली.

लगेच उत्तर आलं. "वा! काय काम आहे! पण दारावर तो लाल ठिपका कसला?"

कुंकू पुसायचं राहिलं होतं. नानांनी मोबाईल माझ्याकडे केला. मी डिगंबरकडे केला. डिगंबर म्हणाला, "लिहा, कंपनीचा शिक्का आहे."

पल्लवीने तसं लिहिलं. पुन्हा उत्तर आलं. "उत्तम. आता आतला फोटो पाठवा."

अक्का म्हणाली, "त्यांना सांग, आधी आंघोळ करून या!"

*

मग हवा ओली करायचं ठरलं. खानदेशात उन्हाळ्यात हवा ओली करणारं यंत्र एकच. कूलर.

नानांच्या घरातला मोठा कूलर मागच्या खोलीत गेला. पेटी स्टुलावर, कूलर तिच्या तोंडासमोर, खिडक्या बंद. घरातली माणसं बाहेर ओसरीवर पुठ्ठ्याने वारा घेत बसली. त्यात लग्नाच्या तयारीला भडगावहून नानांची मावशी आली. घामाने निथळत होती.

"कूलर कुठे गेला रे?"

"आत आहे, मावशी."

"आत कोण आजारी आहे?"

"व्याह्यांची पेटी आहे."

मावशीला वाटलं, काहीतरी सोवळ्याचं असेल. तिने दाराबाहेर चपला काढल्या आणि लांबूनच हात जोडले.

अक्काचा तोल गेला. "नाना, लग्न पोरीचं आहे का पेटीचं? त्या पेटीलाच हळद लाव आणि पाठवून दे देवपूरला!"

नाना बधले नाहीत. कूलर चालू राहिला. कोंडलेल्या खोलीत भिंतींना घाम फुटला. मग एक दिवस पेटी उघडली तर सगळ्या सिगारींवर पांढरी मऊ बुरशी. नाना भिंतीला टेकून खाली बसले.

डिगंबर वाकला. बोटाने बुरशी चाचपली. "तंतू आखूड आहे," तो म्हणाला. "पण रंग चांगला आहे. ग्रेड लावू का?"

*

बुरशी मऊ फडक्याने पुसली. काही सिगार टाकल्या, काही वाचल्या. आता मात्र मी मध्ये पडलो. इतके दिवस मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे तंबाखू सुकू नये म्हणून माठात ठेवतात. माठ बाहेरून ओला, आत कच्च्या बटाट्याची एक चकती, तोंडाला फडकं, माठ सावलीत. पुस्तकात नसेल. पेटीतला उरलेला माल मी त्या माठात ठेवला आणि कोणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

आठवड्याने एक काढली आणि पेटवली. खोटं सांगणार नाही, तेव्हा मला कळलं की माणसं या वस्तूसाठी वेडी का होतात. धूर गार होता. घाई नव्हती. राख पांढरी, लांब, पडायचं नाव नाही. बिडी आपल्याला विचारते, "झालं का?" ही विचारत नव्हती. नाना श्वास रोखून बघत होते.

"कशी आहे, आबा?"

"ठीक आहे," मी म्हणालो. खरं सांगितलं असतं तर डिगंबरने मागितली असती.

दोन दिवसांनी माठाभोवती मुंग्यांची रांग. बटाट्यावर गुळाचा खडा सापडला. माल गोड व्हावा म्हणून डिगंबरने परस्पर ठेवला होता. बऱ्याच सिगारींना भोकं पडली.

माझा उपाय बरोबर होता. हे मी आजही सांगतो. मुंग्या डिगंबरच्या होत्या.

*

लग्न जवळ आलं. पेटीत मोजक्याच सिगार उरल्या आणि नानांचा कोणावरच विश्वास उरला नाही. माझ्यावरसुद्धा! त्यांनी परस्पर एक युक्ती काढली. रावेरकडे त्यांच्या ओळखीच्या माणसाचं केळी पिकवायचं चेंबर आहे. मोठी बंद खोली. आत थंडावा ठरलेला, ओलावा ठरलेला, सगळं यंत्रावर. नाना स्वतः जाऊन पेटी ठेवून आले. येताना चेहरा इतका शांत की साखरपुड्यानंतर पहिल्यांदा त्यांनी दुसरी भाकरी मागितली.

चेंबरवरचा मुकादम भडगावकडचा, इमानी माणूस. पेटीत काय आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. चेंबरमध्ये माल येतो तो पिकायला, एवढं त्याला ठाऊक. तो रोज झाकण उघडून रंग बघायचा, पिवळा की काळा. एक दिवस घाबरून त्याचा फोन आला.

"नाना, तुमना माल बठ्ठा काया पडी गया! जास्तीच पिकी गया! आजना आज इकी टाका, नही ते फेकना पडी!"

*

पेटी परत आली. सिगारींना पिकल्या केळीचा वास येत होता. नानांनी झाकण लावलं, पेटी अक्काच्या हातात दिली आणि म्हणाले, "कुठेही ठेव. लग्नापर्यंत माझ्या डोळ्यांसमोर आणू नको." अक्काने पेटी घेतली. ती गप्प बसली तेव्हाच आम्ही काळजी करायला हवी होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी देवपूरची मंडळी आली. चहा झाला, फराळ झाला. विहीणबाई आत अक्काकडे गेल्या. फार शालीन बाई. साखरपुड्यात त्यांच्या तोंडून एक शब्द आम्ही ऐकला नव्हता. नवऱ्याने जागा ठेवली नव्हती.

ऊन उतरलं. नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आबा, बठ्ठं खरं सांगून टाकतो. देव्हारा, कूलर, केळी, बठ्ठं. जे बोलायचं ते मला बोलतील. पोरीला नको."

"सांगा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

व्याहीसाहेब ओसरीवर खुर्चीत बसले. खिशातून सिगारीचं टोक कापायची चकचकीत कातरी काढली, रुमालाने पुसली, गुडघ्यावर ठेवली. गावातली दहा माणसं भोवती जमली होती. व्याह्यांनी त्या सगळ्यांना आर्द्रतेवर थोडक्यात सांगितलं. सूर्य मावळला.

"हं, नाना. आणा पेटी!"

नानांनी पेटी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. व्याह्यांनी डोळे मिटले, नाक पुढे केलं आणि झाकण उघडलं. मग डोळे उघडले.

पेटीत तळाचा कागद होता. कागदावर थोडा भुसा होता. बाकी काही नव्हतं.

"नाना," व्याही म्हणाले, "सिगार कुठे आहेत?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. डिगंबर मघाशी इथेच होता, तो आता नव्हता. दारात पल्लवी उभी होती, अंगाला हळद लागलेली. व्याह्यांचा चेहरा लाल होत चालला होता.

"साहेब," नानांनी हात जोडले, "खरं सांगतो..."

तेवढ्यात आतून विहीणबाई बाहेर आल्या. एका हातात पितळी डबी. दुसऱ्या हाताचं बोट अजून दातांवर. दात काळे कुळकुळीत.

"अहो, ऐकलंत का!" त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत होता. "अशी मशेरी मी जन्मात लावली नाही! काय वास, काय चव! पहिल्याच बोटाला डोकं हलकं झालं. अक्कांनी डबी भरून दिली. सोन्यासारखी माणसं आहेत ही!"

"तू मशेरी लावतेस?" व्याही म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

विहीणबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या मागे वळल्या. "अक्का, तंबाखू कुठली हो ही?"

अक्का पदराला हात पुसत उंबऱ्यात आली. तिने रिकाम्या पेटीकडे पाहिलं, हात जोडून उभ्या नानांकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे.

"तुमच्याच घरची," ती म्हणाली. "आमच्या माणसांनी वाळवली, भिजवली, पिकवली. मी तव्यावर टाकली."

विहीणबाईंनी डबीकडे पाहिलं. पेटीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "मग घरी अजून आहे का?"